गिनीपिगला मायबाप नाही

अमरावती-अकोल्यात गिनीपिग विकणारा सापडतो, विकत घेणारा सापडतो, हौसेनं आणून महिन्याभरात कंटाळलेला तर कुठल्याही कॉलनीत सापडतो. सापडत नाही तो पैदास करणारा. दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो, ‘आपल्याकडे नाही होत जी, माल नागपूरहून येते.’ नागपूरचा ठोकवाला आणखी मोठ्या शहराचं नाव घेतो. ज्याच्या गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात वीस-पंचवीस जनावरं कुईकुई करत असतात आणि ज्याच्याकडून दुकानातला पोऱ्या अधूनमधून खोकं भरून नेतो, तो गृहस्थही छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘आपण काही धंदा नाही करत बाप्पा. पोट्ट्यासाठी दोन आणले होते, ते वाढले.’ वाढले, म्हणजे गवत वाढतं तसे. त्यात यांचा काही हात नाही. या प्राण्याच्या पैदाशीत काही नीतिनियम यावेत असं उद्या कोणाच्या मनात आलंच, तर पैसा, कायदा, लोकशिक्षण या अडचणी पुढच्या. पहिली अडचण ही की नियमांचा कागद ज्याच्या हातात द्यायचा, तो इसम सगळ्या वऱ्हाडात हजर नाही.

या गैरहजेरीत निम्मा वाटा खुद्द गिनीपिगचा आहे. मादी साधारण सव्वादोन महिन्यांत विते. पिल्लं जन्मतात ती अंगावर केस, तोंडात दात आणि डोळे उघडे घेऊन. पहिल्याच दिवशी ती इकडेतिकडे पळतात आणि आईच्या ताटातलं चाखूनही बघतात. बाळंतिणीची खोली वगैरे प्रकार या जातीत नाही. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर आई व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. मादी पिल्लू चार ते सहा आठवड्यांचं झालं की तेही वयात येतं, आणि दुकानात ‘बच्चा आहे जी, हातावर बसते’ असं सांगून विकतात ते नेमकं याच वयाचं. त्यात नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखायला सरावलेली नजर लागते. दुकानात ते गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे ठरतं. दोन माद्या मागितल्या की दोन माद्या मिळतात. तीन महिन्यांच्या आत त्या दोन माद्यांची सहा जनावरं होतात आणि घरच्यांना चमत्कार झाल्यासारखं वाटतं. म्हणजे गिऱ्हाईक पिंजरा घेऊन दुकानाची पायरी उतरतं तेव्हा ते पैदासकार झालेलं असतं, फक्त त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं. सांगितलं तर ते रागावेल. आपल्याकडे ‘जनावरांची पैदास करणारा’ म्हणवून घ्यायला बैल-म्हशीवाल्यालाच लाज वाटत नाही. बाकीच्यांकडे पैदास फक्त होते.

बरं, यात कोणी दुष्ट असतो असंही नाही, आणि खरा घोळ तिथंच आहे. एखाद्या सज्जन कुटुंबानं ठरवलं की मादी लहान आहे, तिला जरा मोठी होऊ द्यावी, वर्ष-दीड वर्षाची झाली की मग बघू. मुलीच्या लग्नाच्या बाबतीत हा विचार शहाणपणाचा आहे. गिनीपिगच्या बाबतीत तो जिवावर बेततो. पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर तिच्या कमरेची पुढची हाडं सांधून घट्ट होतात, मोठ्या पिल्लांसाठी निसर्गानं त्यांच्यात ठेवलेली फट उघडत नाही, आणि पिल्लू अडतं. म्हणजे घाई केली तर कोवळ्या मादीचे हाल, दया केली तर मृत्यू, आणि यातला कुठला रस्ता कधी धरायचा हे ज्याला माहीत असायला हवं तो ‘पैदास करणारा’ या पदावर कोणी नाहीच. क्रूर माणसाला पकडता येतं. हौशी, प्रेमळ आणि अडाणी माणसाचं काय करायचं याचं कलम आपल्या कायद्यात नीट लिहिलेलं नाही.

नात्यागोत्याचा प्रश्न त्याहून नाजूक. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९०६ साली गिनीपिगची भाऊ-बहीण अशीच जोडी लावत वंश पुढं चालवण्याचा प्रयोग सुरू केला. १९१५ पासून सिवॉल राइट या आनुवंशशास्त्रज्ञानं तो सांभाळला आणि १९२२ मध्ये निष्कर्ष छापले: पिढी दर पिढी वजन घटतं, पिल्लं कमी होतात, जगणारी त्याहून कमी. त्या प्रयोगाला सरकारी पैसा, कारकून, वह्या आणि दीड दशक लागलं. आपल्या गच्चीवर हाच प्रयोग बिनखर्चात चालू असतो, फक्त वही नसते. रंगाची हौस त्यात भर घालते. गडद अंगावर पांढरे केस मिसळलेली कबरी जात दिसायला देखणी, म्हणून कबऱ्याला कबरी शोधून आणतात. अशा जोडीच्या पिल्लांत सरासरी चौघांत एक पांढरंफटक निघतं, बहुधा आंधळं आणि नीट दात नसलेलं. ते फार जगत नाही. हे गुणसूत्रांचं गणित परदेशी शौकिनांना बऱ्याच काळापासून पाठ आहे. इकडं ते पिल्लू मेलं की ‘नजर लागली’ एवढ्यावर चौकशी संपते, आणि पुढच्या वेळी त्याच जोडीला लिंबू-मिरची बांधली जाते.

मग राहतं पोषण आणि हवामान. माणूस आणि गिनीपिग यांच्यात एक अनपेक्षित साम्य आहे. दोघांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज पोटात जावं लागतं. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेजियन संशोधकांनी गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्याला स्कर्व्ही झाला. त्यावरून माणसाच्या स्कर्व्हीचा उलगडा व्हायला मदत झाली. आता दुकानातला पिंजरा बघा. वरच्या मजल्यावर लव्हबर्ड, खाली गिनीपिग. पक्ष्यांनी सांडलेली बाजरी, राळे, त्यांची टरफलं आणि आणखी जे काही वरून खाली पडतं ते, हाच खालच्या भाडेकरूचा खुराक. सकाळी कोणी कोबीचा वाळका पाला टाकला तर मेजवानी. आणि हे कुठं, तर वरूड-मोर्शीची संत्री जिथं ट्रक भरभरून बाहेर जातात त्या जिल्ह्यात. संत्र्याच्या देशात स्कर्व्हीनं हिरड्या सुजलेला प्राणी सापडावा हे वऱ्हाडी व्यवस्थापनाला साजेसंच आहे. आपल्याकडे कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावरही धड सदरा नसतो. दिवसाला थोडा सांभार (म्हणजे कोथिंबीर), ढोबळी मिरचीची एक चकती, एवढ्यानं भागतं. पण हे सांगायचं कोणी? जो वाढवतो तो म्हणतो मी वाढवत नाही.

उन्हाचं तर विचारूच नका. गिनीपिगचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. तिशीच्या वर पारा गेला की त्याची धाप सुरू होते. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस ओलांडतो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत आपलं नाव बघून अकोलेकर छाती फुगवतो. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवून त्याच्या अंगातली उष्णता किती बर्फ वितळवते ते मोजलं होतं. अकोल्यात उलटा प्रयोग करतात आणि मोजत काहीच नाहीत. कूलर माणसांच्या खोलीत, पिंजरा गॅलरीत. वर ‘हवेशीर जागा’ म्हणून कौतुक.

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. कायदा आहे, आणि तो इतका बारकाईनं केलेला आहे की त्यातली गंमत कळायला दोनदा वाचावा लागतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये केंद्रानं नियम केले. त्यात पाळीव प्राणी म्हणजे कोण, याच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा यांच्या पंगतीत गिनीपिगला नावानिशी बसवलं आहे. दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिंजऱ्याची मापं हवीत, विक्रीची वही हवी. पैदास करणाऱ्यांसाठीचे नियम त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये आले: मादी किमान दीड वर्षाची हवी, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, प्रत्येकाच्या कातडीखाली मायक्रोचिप. उत्तम नियम. पण ते कुत्र्यांपुरते. म्हणजे कायद्याच्या नजरेत गिनीपिग विकणारा आहे, जन्माला घालणारा नाही. प्रयोगशाळेत जाणाऱ्या गिनीपिगची मात्र गोष्ट वेगळी. १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रयोगासाठी प्राण्यांची पैदास करणाऱ्याला केंद्रीय समितीकडे नोंद करावी लागते आणि जनावरं कोणाला दिली याचा हिशेब ठेवावा लागतो. ज्या गिनीपिगला सुई टोचायची आहे त्याच्या खानदानाची नोंद आहे आणि ज्याला पोरानं मांडीवर घेऊन बिस्कीट भरवायचं आहे तो बेवारस. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाणं हे दुर्दैव समजलं जातं; कागदपत्रांच्या बाबतीत ती बढती आहे.

यावर पहिला सल्ला ठरलेला असतो: कायदा कडक करा, अंमलबजावणी करा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा मूळ कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात उपासमार, तहान, दाटीवाटीत कोंडणं हे सगळे गुन्हे मोजून ठेवले आहेत आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तीन वर्षांत तोच माणूस पुन्हा सापडला तर शंभरपर्यंत किंवा तीन महिने कैद. १९६० मध्ये पन्नास रुपये म्हणजे रक्कम होती. आज त्या पैशात अमरावतीच्या राजकमल चौकात दोघांचा उसाचा रस होतो. दंड वाढवणारा मसुदा २०२२ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी मांडलाही गेला. समजा, दंड पन्नास हजार झाला. तो ठोठावायला कोणाला पाठवणार? जिल्ह्याजिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असावी असा नियम २००१ पासून आहे. पण जिल्हा यंत्रणेच्या टेबलावर टंचाई, पीकविमा आणि निवडणूक असे तीन ढीग असतात, गिनीपिगची पाळी चौथ्या ढिगात. पशुवैद्यकांना सांगावं तर २०२२ मध्ये लम्पीनं गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठल्या तेव्हा हीच माणसं गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरत होती. त्यांना गॅलरीतल्या पिंजऱ्याची उंची मोजायला लावणं हाही एक प्रकारचा छळच, फक्त तो कलम अकरात बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आणि आपल्या भागात तो कोणीही, कुठंही काढू शकतो: इथं शेतकरी फास लावून घेतात आणि तुम्हाला उंदरांची नीतिमत्ता सुचते? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक, हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक गिनीपिगकडं बघत नाहीत म्हणून वाचलेला वेळ शेतकऱ्याकडं बघण्यात घालवतात, असा अनुभव कोणालाच नाही. दुसरं, माणूस आणि जनावर दोघांचाही विचार एकत्र करणारा माणूस याच मातीतला. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, माणसांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि त्याच दमात जत्रेतल्या बकऱ्याच्या बळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं केली. त्यांना माणूस आधी की जनावर आधी हा पेच पडल्याची कुठं नोंद नाही.

गाडगेबाबांचं उदाहरण मात्र आपल्या अडचणीवरच बोट ठेवतं. बळी थांबवता येतो, कारण बळीला कर्ता असतो, जागा असते, दिवस असतो. अमुक देवीसमोर, अमुक पौर्णिमेला, अमुक माणसानं सुरी उचलली, आणि शंभर लोकांनी पाहिली. कीर्तनकाराला त्या माणसाच्या डोळ्यात बघून बोलता येतं. शंकरपटाचंही तेच. तळेगाव दशासरच्या पटात बैलजोडी धावते ती हजारोंच्या समोर. म्हणून ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तेव्हा ती जागेवर बसली, आणि पुढं राज्यानं कायदा बदलला, १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो मान्य केला, तेव्हा पट परत आले. बाजू कुठलीही घ्या, भांडण समोरासमोर झालं. पैदाशीतला अन्याय असा समोर उभाच राहत नाही. मादी गाभण राहते एका गच्चीवर, पिल्लं विकली जातात दुसऱ्या गावात, हाडं ठिसूळ निघतात सहा महिन्यांनी तिसऱ्याच घरी, आणि त्या घरचा माणूस म्हणतो, ‘आम्हालाच लाभत नाही बाप्पा जनावर.’ कृत्य एकाचं, परिणाम दुसऱ्याकडे, दोष नशिबाला. अशा गोष्टीवर कीर्तन कोणापुढं करायचं?

शौकीन मंडळी सुधारणा करतील, असं काही जण म्हणतात. संघटना निघेल, मानकं ठरतील, प्रदर्शनं भरतील, चांगल्या पैदाशीला बक्षीस मिळेल. ज्या देशांत हे सगळं शंभर वर्षं आहे तिथला दाखला फार आशादायक नाही. ‘सॅटिन’ नावाची काचेसारख्या चमकत्या केसांची जात तिथं प्रदर्शनातून लोकप्रिय झाली. या चमकेबरोबर हाडं झिजवणारा आजार येतो हे पशुवैद्यकांनी दाखवून दिलं, तरी अनेक ठिकाणी प्रदर्शनात तिचा वर्ग टिकून आहे. कारण सोपं: परीक्षक केस हातात धरून बघू शकतो, हाड बघू शकत नाही, शिवाय तो परीक्षक स्वतःही शौकिनांतलाच असतो. मानक नावाची वस्तू जनावराच्या सोयीसाठी क्वचितच लिहिली जाते, बहुधा ती माणसाच्या हौसेचं टिपण असते. त्या मानानं वऱ्हाडात संघटना नाही हे बरंच म्हणायचं. उलट आपल्याकडे वंशावळीचं शास्त्र जाणणारी माणसं आहेत आणि तीही गिनीपिगच्या गच्चीपासून फार दूर नाहीत. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. पूर्णाकाठची फिकट भुरी पूर्णाथडी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या गोठ्यात होती. शास्त्रज्ञांनी तिची मापं घेतली, दूध मोजलं, आणि २०२३ मध्ये जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोनं तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. बेरारी शेळीलाही अशीच मान्यता आहे. ज्या म्हशीचा हिशेब ठेवला तिला नाव, गाव आणि क्रमांक मिळाला. तेव्हा नोंद ठेवणं वऱ्हाडी स्वभावात बसत नाही, ही सबब चालणार नाही.

मग बंदीच घाला, असा एक तडफदार पंथ आहे. १२ मार्च २०२४ ला केंद्रानं तेवीस जातींच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांवर असंच एक परिपत्रक काढलं. महिन्याभरात ते न्यायालयात अडकलं. आणि बंदीचं काय होतं हे अकोला जिल्ह्याला शिकवायला नको. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेलं तणनाशकरोधी कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. पेरणाऱ्यांची बाजू बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण पाच वर्षांच्या कैदेला जो तालुका भ्याला नाही, तो गिनीपिगच्या पन्नास रुपयांना भिईल असं मानणं भाबडेपणाचं आहे. बंदीनं फक्त भाव वाढेल, आणि ‘माल नागपूरहून येते’ याऐवजी ‘माल रात्री येते’ असं उत्तर मिळू लागेल.

तरीही कपाशीच्या त्याच शेतात उत्तराचा एक धागा आहे. वऱ्हाडातला शेतकरी बियाण्याचं पाकीट घेतो तेव्हा लॉट नंबर बघतो, उगवणशक्तीची टक्केवारी बघतो, तपासणीची तारीख बघतो. कृषी खातं त्याला दर वर्षी बजावतं की पावती, टॅग, पिशवी आणि चिमूटभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. बरेच जण ठेवतातही, घराच्या फळीवर, गणपतीच्या फोटोमागं. बियाणं उगवलं नाही तर तो ती पिशवी घेऊन कृषी अधिकाऱ्याकडं जातो, तिथं दाद लागली नाही तर ग्राहक आयोगात जातो. कायद्यानं त्याला हे बळ दिलं, पण पिशवी फेकायची नाही ही सवय त्यानं स्वतः कमावली, बोगस बियाण्यानं दोनचार वेळा नागवलं गेल्यावर. आणि जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून बियाणं कंपन्याही नोंदी ठेवतात. इथं ‘आपोआप उगवलं’ असं म्हणायची सोय कोणाला नाही. तोच शेतकरी तालुक्याला येतो, नातवाच्या हट्टापायी खोक्यात गिनीपिग घेतो आणि तो किती दिवसांचा, नर की मादी, कोणाच्या घरचा, हे विचारत नाही. पावती तर नाहीच. चाराण्याच्या सरकीला जो पुरावा मागतो, तो जिवंत वस्तूला मागत नाही.

यावर गरीब विक्रेत्याची बाजू मांडली जाते, आणि ती अर्धी खरी आहे. दुकानाच्या नोंदणीला पाच हजार रुपये पडतात. मोठ्या शहरातल्या वातानुकूलित दुकानाला ते जाणवणार नाहीत. अकोल्याच्या जठारपेठेत चार बाय आठच्या खोलीत मासे, पोपटी लव्हबर्ड आणि एक पिंजरा गिनीपिग घेऊन बसलेल्या पोराला ते महिन्याच्या भाड्याइतके. तो नोंदणी करत नाही, मग त्याच्याकडे वही नसते, मग त्याला माल देणारा गच्चीवाला कुठंच दिसत नाही. ही फी शंभर रुपये केली आणि वही मराठीत, एका पानाची केली तर निम्मे लोक गुपचूप रांगेत येतील, असं मला वाटतं. पण तो तरुण स्वतःहून वही ठेवणार नाही. रोज संध्याकाळी दहा गिऱ्हाइकं येतात आणि दहाही जण फक्त एकच प्रश्न विचारतात, ‘कितीले देता?’ जिथं मागणी एवढीच, तिथं माल तेवढाच चांगला असणार. सुधारणेची सुरुवात पैदासकारापासून करण्याचा आग्रह धरला तर शंभर वर्षं त्याला शोधण्यातच जातील. तो आपल्यासारखाच दिसतो आणि आपल्याच घरात राहतो. गिऱ्हाईक मात्र सापडतं, पैसे मोजताना तर अगदी समोरच असतं.

परदेशातलं एकच उदाहरण इथं उपयोगी पडेल. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनी गिनीपिगला एकटं ठेवणं गैर ठरवलं, कारण तो कळपात राहणारा प्राणी आहे. म्हणजे तिथं घ्यायचे तर किमान दोन. आपल्याकडे दुकानदाराला दोन विकायला कधीच आक्षेप नव्हता. फक्त ते दोन एक नर, एक मादी निघतात.

तेव्हा घ्यायचाच असेल, आणि पोट्टं ऐकतच नसेल, तर दुकानात गेल्यावर भाव शेवटी विचारा. आधी विचारा, जन्म कधीचा, आई कुठं आहे, नर की मादी, खायला काय घालता. उत्तर ‘नागपूर’ आलं तर नागपूरच्या कोणाकडून, हेही विचारा. हे सगळं पावतीवर लिहून घ्या आणि पावती फळीवर, कपाशीच्या पिशवीशेजारी ठेवा. विक्रेता हसेल, कदाचित म्हणेल, ‘एवढं तं पोरीच्या स्थळालेही नाही इचारत.’ हसू द्या. दुसऱ्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक तेच विचारायला लागलं की तो वही आणेल. आणि मार्च ते जून तेवढं काहीच घेऊ नका.